दगडावरचं नाव

मला पाट्या वाचण्याचा नाद आहे. लग्नाला निघालो तरी वाटेतली कोनशिला वाचल्याशिवाय पाय पुढं सरकत नाही. "तुम्ही वाचा सावकाश, मी अक्षता टाकून येते," असं म्हणायची आता सौ.ला सवय झाली आहे.

हा नाद रे रोडचा. शेजारच्याच घोडपदेवच्या चाळीत मी वाढलो. लहानपणी वाटायचं, या रस्त्याला कुणीतरी एकेरीत हाक मारतंय : "अरे रोड!" पुढं कळलं, हे 'रे' म्हणजे लॉर्ड रे, 1885 ते 1890 पर्यंत मुंबईचे गव्हर्नर. जन्म हेगचा. एवढ्या बड्या लॉर्डाला सारं शहर रोज 'रे' म्हणतं आणि अब्रूनुकसानीचा एकही दावा नाही!

क्रॉफर्ड मार्केटची तऱ्हा याहून वेगळी नाही. इमारत 1869 ची. नाव मिळालं पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्डसाहेबाचं, आणि दारावर लॉकवुड किपलिंगच्या शिल्पपट्टीत उभे राहिले बिननावाचे शेतकरी. साहेबाचं नाव, शेतकऱ्याचं अंग, अशी चोख वाटणी. पुढं मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारा माणूस अखेर त्या शेतकऱ्यांच्या शेजारी आला.

माझे आजोबा गोदीत ओझी वाहत. 14 एप्रिल 1944 ला कालवणातल्या मिठावरून आजीशी बिनसलं, ताट सरकवलं आणि कामाला न जाता भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. चारच्या सुमारास गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटलं. तेव्हापासून आजीच्या हातचं मीठ कमीजास्त झालं तरी घरात कुणी ब्र काढत नसे.

एकदा मी आजीला विचारलं, "आपल्या आजोबांचं नाव कुठंच कसं कोरलेलं नाही गं?"

ती तांब्या घासत होती. तिनं तो माझ्यापुढं धरला. कासारानं ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आजोबांचं नाव, त्यातही एक काना विसरलेला.

"हे काय मग? दगडावर हवं होतं होय रे तुला? त्या दिवशी दगडावर गेलं असतं, तर तुझा बाप कुठनं आला असता?"

माझा बाप 1946 चा. मी गप्प बसलो.

भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्या आगीत गेलेल्या 66 जवानांचं स्मारक आहे. तिथं मात्र मी थांबलो, की सौ. अक्षता टाकायला पुढं जात नाही. शेजारी उभी राहते. घरी आल्यावर आम्ही त्याच तांब्यातून पाणी पितो. काना अजून घातलेला नाही.