काम ते गाव

काम, नाम, नाव, गाव. दर पायरीला एकच अक्षर बदलायचं आणि मधला प्रत्येक टप्पा खरा शब्द हवा. हा खेळ लुईस कॅरोलने १८७७ च्या नाताळात, करमत नव्हतं अशा दोन मुलींसाठी रचला. पुढे डोनाल्ड कनुथने, एका अक्षराचा फरक असलेले शब्द शेजारी धरून, इंग्रजीतल्या ५,७५७ पाच अक्षरी शब्दांचा आलेख मांडला, तर त्यातल्या ६७१ शब्दांना एकही शेजारी नव्हता.

मराठीत आधी अक्षर कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. युनिकोडच्या लेखी 'क्ष' म्हणजे तीन खुणा. मी जोडाक्षर काना-मात्रेसकट एकच धरतो; बाराखडी घोकलेल्या माणसाला दुसरं पटणारही नाही.

वाट शोधायला मशीन लर्निंग लागतंच असं नाही. काही हजार शब्द असतील तर शेजारी, मग त्यांचे शेजारी, असा सरळ शोध पुरतो. (हौसेला मोल नाही, हे खरं.) शब्द लाखांत गेले आणि जोड्या हजारोंनी आल्या, की १९६८ ची ए-स्टार पद्धत कामी येते. ती प्रत्येक शब्दापाशी उरलेल्या अंतराचा अंदाज घेते. किती जागी अक्षरं वेगळी आहेत, एवढं मोजलं तरी चालतं. तो आकडा खऱ्या अंतराहून कधीच जास्त नसतो, म्हणून सर्वांत जवळची वाट हमखास मिळते. शिकवलेलं मॉडेल बहुतेकदा याहून नेमकं सांगतं. पण कुठे जास्त सांगितलं, की ती हमी गेली.

माझ्या खेळात बातम्यांच्या मजकुरावर शिकलेल्या मॉडेलने काम ते गाव तीन पायऱ्या दिल्या. खरं तर दोनच पुरतात: काम, काव, गाव. काव म्हणजे तांबडी माती. गोव्या-कोकणातल्या जुन्या देवळांवरची कावी चित्रं तिचीच. बातम्यांत हा शब्द क्वचित येतो, म्हणून त्याचा व्हेक्टर, म्हणजे मॉडेल ज्यावरून अंतर अंदाजतं ती आकड्यांची यादी, कच्चा राहिला, अंदाज फुगला आणि शोध तिकडे फिरकलाच नाही. आलेखात मात्र काव भर वस्तीत राहतो: नाव, भाव, डाव, घाव, कान, काळ, सगळे शेजारी.

मग मजकूर बाजूला ठेवला. २०१६ च्या नोड-टू-व्हेकसारखं आलेखातच स्वैर भटकत जाऊन व्हेक्टर बनवले. भटकणाऱ्याला कोणता शब्द चलनात आहे याची पत्रास नसते. काव सापडला.

आता खेळणारी मुलं विचारतात, हा कुठला शब्द? दुर्मीळ शब्दाची पायरी महाग करता येते, एका ओळीचं काम आहे. मी केलं नाही. शब्दाखाली अर्थ दिला.