आधी ‘जो’, मग ‘तो’

‘व्हिच फोर्ट शिवाजी महाराज टूक फर्स्ट, दॅट फोर्ट इज तोरणा.’ वेल्ह्याच्या वर्गात वहीत असं वाक्य सापडलं की मी लाल फुली मारत नाही. तोरणा खिडकीतून दिसतो, माहिती बरोबर आहे आणि खरं सांगायचं तर व्याकरणही बरोबर आहे. फक्त ते मराठीचं आहे.

आपल्याकडे ‘जो’ आधी, ‘तो’ मागून. ही जोडी सहसा फुटत नाही. इंग्रजीत आधी नाम, त्याला चिकटून ‘व्हिच’, मग उरलेलं उपवाक्य. म्हणून मी मुलाचंच वाक्य फळ्यावर लिहितो, ‘दॅट फोर्ट’ खोडतो आणि उरलेल्या ‘फोर्ट’ला उचलून ‘व्हिच’च्या आधी बसवतो: ‘द फोर्ट व्हिच शिवाजी महाराज टूक फर्स्ट इज तोरणा.’ ही हालचाल हाताला बसली की ‘रिलेटिव्ह क्लॉज’ हे नाव चार दिवसांनी सांगितलं तरी चालतं.

फ्रेज आणि क्लॉज ओळखताना मात्र गाइड दगा देतं. ‘कर्ता आणि क्रियापद असेल तो क्लॉज’ हे मुलांना पाठ असतं. पण ‘महाराजांनी आधी घेतलेला किल्ला’ यात घेणारे महाराज आहेत, घेणंही आहे. तरी तो क्लॉज नाही. मी म्हणतो, काळ बदलून बघा. ‘घेतला’चं ‘घेतो’ होतं, ‘घेईल’ होतं. ‘घेतलेला’ला असा काळ बदलता येत नाही, ते विशेषण होऊन नामाला टेकलंय. इंग्रजीतलं ‘टेकन’ इथे तसंच. भोरच्या वर्गात हेच उदाहरण भाटघर धरणावर बेततो, ‘ब्रिटिशांनी बांधलेलं धरण’.

मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकवणं जुनाट, असं प्रशिक्षणात ऐकायला मिळतं. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हापासून तर फारच. पण तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या किती पिढ्या इंग्रजी शिकल्या! आणि दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, ते इंग्रजी व्याकरणाच्याच धाटणीवर. उसनवारी दोन्ही बाजूंनी झालेली आहे.

‘मदर सेड दॅट आय गो फॉर लावणी.’ मराठीत ‘आई म्हणाली की मी लावणीला जाते’ यातली ‘मी’ आईच. इंग्रजीत मात्र चिखलात उतरतो लिहिणारा मुलगा. एवढं सांगितलं की वर्ग हसतो, आणि ‘शी वॉज गोइंग’ मुलं स्वतःच काढतात. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’चं दुखणं साधं आहे: ‘जूनपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’, दोन्हीकडे आपलं ‘पासून’च.

शब्दांच्या जोड्यांत सर्वांत चिवट ‘लूझ’ आणि ‘लूस’. हरणं म्हणजे ‘लूझ’, एक ‘ओ’. ढिलं म्हणजे ‘लूस’, दोन ‘ओ’. पण गॅरेजात नट ‘लूज’च असतो आणि मॅचही आपण ‘लूज’च करतो, मग मुलं दोन्हीकडे दोन ‘ओ’ लिहितात. सुट्टीत नसरापूरला गॅरेजात बसणाऱ्या एकाने विचारलं, ‘‘सर, मग शेठला नट लूस झालाय म्हणू का?’’

‘‘नको रे. त्याला कळायचं नाही. तिथे लूजच म्हण, पेपरात ‘ओ’ मोज.’’