फिरकीचा डबा

आमच्या बागेचा कारभार कोण बघतं, असं कुणी विचारलं तर मी त्याला परसात नेत नाही, स्वयंपाकघरातल्या फडताळापाशी नेते. वरून दुसऱ्या फळीवर, डाळींच्या बरण्यांमागे तो बसलेला असतो. बुटका, रुंद खांद्यांचा, फिरकीच्या झाकणाचा पितळी डबा. बुडाशी एक पोचा, झाकणावर कुणाचं तरी नाव कोरलेलं आणि घासून घासून निम्मं पुसलेलं. सासूबाईंच्या रुखवतात तो लाडू घेऊन आला. लाडू संपल्यावर त्यांनी त्यात बी ठेवायला सुरुवात केली आणि तेव्हापासून त्याला दुसरं काम लागलेलं नाही.

त्याला एकांत लागतो. ऊन सोसत नाही, फोडणीची वाफ नको, गॅसची धग नको. म्हणून तो ओट्यापासून लांबच्या भिंतीला असतो. फ्रिजच्या डोक्यावर जागा रिकामी असली तरी तिथं त्याला ठेवत नाही, कारण ती जागा कायम कोमट असते. हे त्याचे लाड नाहीत. त्याच्या पोटात जे आहे ते जिवंत आहे. बी वाळलेली दिसली तरी मंदपणे श्वास घेत असते, स्वतःजवळची शिदोरी कणाकणानं खर्च करत असते. ऊब आणि ओल मिळाली की हा खर्च वाढतो आणि बी पेरण्याआधीच दमून जाते. बीमधला ओलावा एका टक्क्यानं उतरला की तिचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बियाण्यांच्या जाणकारांचा ठोकताळा आहे. डबा तो आपल्या वागण्यातून पाळत आला आहे.

त्याच्या घरात प्रवेश मात्र सोपा नाही. झाकण घट्ट बसतं, त्यामुळे बाहेरची ओल आत येत नाही. पण आत ओल गेलीच, तर ती बाहेरही पडत नाही, आणि सगळ्या पुरचुंड्यांना बुरशी लागते. म्हणून दारातच परीक्षा असते. काकडीची बी वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. वालाच्या दाण्यावर नख दाबलं तर खूण उमटता कामा नये. बी वाळवायची ती सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि मग सावलीत, वाऱ्यावर. दुपारच्या तापल्या पत्र्यावर टाकलेली ओली बी आतून भाजून निघते. तळाशी चाळलेल्या राखेचा थर, वर कडुनिंबाचा वाळका पाला. राख उरलीसुरली ओल टिपते आणि किड्याच्या अंगाला बोचते. वाल-घेवड्याच्या दाण्यांना एरंडेलाचं बोट फिरवायचं. त्यांना लागणारा भुंगा बऱ्याचदा शेतातूनच, शेंगेवर घातलेल्या अंड्यांतून घरी येतो, डब्यात जन्मत नाही.

संक्रांत झाली की डबा खाली उतरतो. साताऱ्याकडे तेव्हा पहाटेची थंडी बोचत असते, परसात मेथी-कोथिंबिरीचे शेवटचे वाफे उभे असतात, पालक जून व्हायला लागलेला असतो. पण येत्या वसंताची बाग मांडायची वेळ हीच. माजघरात जुनं वर्तमानपत्र अंथरायचं, झाकण फिरवायचं. आतून पहिल्यांदा राखेचा आणि कडुनिंबाचा वास येतो. मग एकेक पुरचुंडी सुटते. दोडक्याची बी काळीभोर, चपटी, खडबडीत. दुधीची फिकट तपकिरी, लांबट, अंगावर दोन उभ्या कडा आणि टोकाला दोन्ही बाजूंनी इवलेसे कान. कारल्याची बी हातात घेऊन नीट बघावी: कडा कातरलेल्या, दोन्ही अंगांवर कोरीव नक्षी. भेंडीचे करडे-हिरवट गोल दाणे सटकतात, त्यांना ताटलीत ठेवावं लागतं. कोपऱ्यात कोरेगावकडून आलेला वाघ्या घेवडा असतो, अंगावर लाल पट्टे मिरवणारा. पण त्याचं काम पावसाळ्यात, आत्ता तो नुसती भेट देऊन परत आत जातो.

पुरचुंडीबरोबर चिठ्ठी असते. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर सासूबाईंचं शिसपेन्सिलीतलं अक्षर: ‘कारली, आखूड, गोल पोटाची. सावलीत येतात.’ ‘पांढरी काकडी. हिला दोरी बांधली तर वर चढते, नाहीतर रुसते.’ एका चिठ्ठीवर बीचं नाव नाहीच, फक्त ‘धाकट्या जाऊबाईंकडची, गोड’ एवढंच. सासूबाई आता नाहीत. पण कुठली काकडी कुठल्या भिंतीला लावायची, हे अजून त्याच सांगतात, आणि सांगतात ते डब्याच्या तोंडून.

डबा भावनेवर चालत नाही. प्रत्येक बीचा वायदा त्याला ठाऊक असतो. कांद्याची बी वर्षभरात म्हातारी होते. भेंडी, मिरची दोन-तीन वर्षं टिकतात, वाल-घेवडा तीनेक, वांगी-टोमॅटो चारेक. काकडी, दुधी, भोपळा ही मंडळी नीट ठेवली तर चार-पाच वर्षांनीही जागी होतात. तरी शंका असेल तर ती पेरणीआधी फेडून घ्यावी. दहा बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळायच्या, फडकं उबदार जागी ठेवायचं आणि सुकू द्यायचं नाही. आठवड्या-दहा दिवसांत आठ बियांना मोड आले तर निर्धास्त पेरावं. पाच आले तर आळ्यात दुप्पट बी टोचावं. एक-दोनच आले तर ती पुरचुंडी मातीला देऊन टाकावी. या परीक्षेला फडक्याखेरीज काही लागत नाही आणि तिच्यामुळे हंगामाचा एक महिना वाचतो.

मग कागदावर परस काढायचं. इथं बहुतेक जण जानेवारीचं ऊन बघून आखणी करतात आणि एप्रिलमध्ये अडचणीत येतात. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, भिंतीची सावली लांब पडते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो साताऱ्याच्या थेट डोक्यावरून जातो, तेव्हा भरदुपारी भिंतीला सावलीच उरत नाही. म्हणून वेलांचा मांडव पश्चिमेकडे घालावा. तिसऱ्या प्रहरचं ऊन दुधी-दोडक्यानं अंगावर घ्यावं आणि मांडवाच्या आडोशाला मिरचीची चार रोपं, उन्हाळी कोथिंबीर निवांत राहावी. वेलांचं बी थंडी ओसरल्याशिवाय टोचू नये. गार मातीत ते उगवत नाही, नुसतं कुजतं. तोवर रिकाम्या वाफ्यांत शेणखत मिसळून माती उन्हाला उघडी टाकावी. जानेवारी सरता सरता काकडी आणि भेंडी लावली तर साधारण दीड महिन्यात, पाडव्याच्या आगेमागे, पहिली तोडणी होते. भेंडीचं बी रात्रभर भिजत घालावं, कारल्याचं तर घालावंच.

आणि आळी किती करायची, हे डब्यातल्या बियांच्या संख्येवर ठरवू नये. वैशाखात रोज किती बादल्या पाणी हाताशी असेल, तेवढीच आळी. दोन वेलांच्या मध्ये गळ्यापर्यंत मडकं पुरावं, तोंडावर झाकणी ठेवावी. मडकं भाजलेलं पण बिनझिलईचं, झिरपणारं हवं. त्यातलं पाणी थेट मुळांशी जातं, वर उडून जात नाही. बाकीच्या बिया डब्यात परत जाऊ द्याव्यात. बी राखून ठेवणं हीसुद्धा लागवडीइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे, असं मला मनापासून वाटतं.

कारण येत्या वसंतातली बाग ठरते मागच्या वसंतात, आणि ती ठरते एका न खाल्लेल्या फळावरून. इथं स्वयंपाकघर आणि डबा यांचा जुना वाद आहे. वेलावरचा सगळ्यांत देखणा दुधी स्वयंपाकघराला आज हवा असतो. डबा म्हणतो, तोच बियाला ठेवा. उरलंसुरलं, वेडंवाकडं, हंगाम संपताना हाती लागलेलं फळ बियाला ठेवलं तर पुढच्या वर्षी तसाच वेल दारात उभा राहतो. निरोगी वेल निवडावा, त्याला आधी चार फळं देऊ द्यावीत आणि मग एक भरदार फळ जून व्हायला सोडावं. बियाला ठेवलेलं फळ अंगावर असलं की वेल नवी फळं कमी धरतो, तेवढा तोटा सोसावा.

दुधीच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. शेजारच्या गच्चीवर दुसऱ्या जातीचा दुधी असेल तर कीटक दोघांचा संकर करून मोकळे होतात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. त्याच संध्याकाळी उमलणाऱ्या फुगलेल्या कळ्या दुपारीच हेराव्यात. मादी कळीच्या खाली बोटभर, लवदार, पोपटी दुधी आधीच असतो. नर कळीला नुसता लांब देठ. दोन्हींच्या पाकळ्यांना दोरा बांधून तोंड मिटवावं. दिवेलागणीला दोरे सोडावेत, नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे साराव्यात आणि आतला पिवळा पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर अलगद टेकवावा. मादी फूल पुन्हा बांधून टाकावं आणि देठाला खुणेचा लाल धागा. चार दिवसांत इवला दुधी फुगू लागला तर काम झालं. लाल धाग्याचा दुधी घरात कुणीही तोडत नाही.

कडू दुधीला मात्र डब्यात कधीच जागा नाही. दुधी, काकडी, दोडक्याचा कडवटपणा कुकुर्बिटॅसिन नावाच्या विषारी द्रव्यांमुळे येतो. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावलेली आहेत. दुधी चिरताना फोडीला जीभ लावून बघावी. कडू लागली तर थुंकून टाकावी, सगळा दुधी फेकावा आणि त्या वेलाचं बी धरू नये.

बाजारातल्या संकरित बियांच्या पाकिटांशीही डब्याचं जमत नाही. त्या बियांवर गुलाबी-निळं औषध चोळलेलं असतं, त्यांना खाण्याच्या वस्तूंजवळ ठेवणं बरं नव्हे. शिवाय त्यांची पहिली पिढी भरघोस येते, पण तिचं बी धरलं तर पुढची पिढी कशी निघेल याचा नेम नाही. सरळ वाणांचं तसं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी घ्या. जंगली भेंडीच्या नात्यातून तिच्यात पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला तोंड द्यायची ताकद आणली, आणि तिचं बी घरी धरता येतं. ती आमच्या डब्यात आजेसासूच्या वालाशेजारी सुखानं राहते. जुनं तेवढंच चांगलं, असा डब्याचा हट्ट नाही. पुन्हा तेच उगवलं पाहिजे, एवढीच त्याची अट आहे.

ही अट किती मोठी आहे, हे राहीबाई पोपेरे यांनी दाखवून दिलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या या बाईंनी वाल-घेवड्यांपासून भातापर्यंतचे गावठी वाण घरात जमवले, वाढवले, बायाबायांत वाटले. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 2001 चा वाण संरक्षणाचा कायदाही शेतकऱ्याला स्वतःचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क देतो. पण हा हक्क वापरला तरच उरतो. एखाद्या घरानं दोन-चार हंगाम बी धरलं नाही, की तिथला वाल, तिथली काकडी त्या घरापुरती संपते, आणि त्या वाणाचं ते शेवटचं घर असेल तर सगळ्यांसाठीच संपते.

म्हणून यंदा वेलावरचा एक तरी चांगला दोडका काढू नका. तो तपकिरी होऊ द्या, हलका होऊ द्या. पुरता वाळला की टोकाचं टोपण गळतं आणि हलवलं की काळ्या बिया हातावर पडतात. निम्म्या स्वतःला ठेवा, निम्म्या शेजारी द्या, म्हणजे तुमचा वेल गेला तरी बी राहील. पितळी डबा हवाच असं नाही, घट्ट झाकणाची काचेची बरणी अंधारात ठेवली तरी चालते. फक्त बी पुरतं वाळलेलं असू द्या, आणि चिठ्ठीवर वाणाचं नाव, महिना, वर्ष आणि बी कुणाकडून आलं तेही लिहा.