बोडी बुजवू नकोस

पवनी
मृगाचा दुसरा दिवस

बाळ,

जगातलं पाणी आटत चाललंय, त्यावर भाषणात काय बोलू, असं विचारलंस. छान वाटलं. पण शेवटी जाता जाता लिहिलंस, 'बोडी बुजवून प्लॉट पाडले तर?' शेतातलं ते छोटं तळं बुजवायचं वाचलं, तिथून पुढे मला जेवण गेलं नाही.

अरे, बोडीऐवजी धरणावर विसंबू म्हणशील, तर २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन केलं, तेव्हा तू पाळण्यात होतास. ३७२ कोटींचं धरण पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेलं. अडीच लाख हेक्टर भिजवायचं होतं. ३३ दरवाजे उभे राहिले, गावं उठली, आणि कालव्यांची वाट बघत एक पिढी म्हातारी झाली. वर नागपूरचं सांडपाणी नागनदीतून कन्हानात, कन्हानातून वैनगंगेत येऊन याच धरणात साठतं. आता हेच पाणी चारशे किलोमीटरवर बुलढाण्याला, नळगंगेपर्यंत न्यायचं ठरलंय. नेऊ देत. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. तहानलेल्याला नाही म्हणू नये.

पण आपल्याकडे कोहळी समाजानं तलाव बांधले, ते कोणत्या कालव्याची वाट बघून? उतार पाहिला, पाळ घातली, सांडवा ठेवला, एकाचं ओसंडलेलं पाणी खालच्याला. मालगुजारी १९५१ ला गेली, तलाव सरकारजमा होऊन माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा तलाव' झाले, आणि गाळ काढायला जाणारे गावाचे हात थांबले. भाषणात हे सांग. मोठं धरण हवंच, पण पाऊस जिथे पडतो तिथेच तो आधी अडवायला हवा. गाळ काढला की तलावात जागा होते, आणि तोच गाळ बांधीत टाकला की धान जोमानं येतं.

धान निसवताना पावसानं पंधरा दिवस ओढ दिली, त्या वर्षी बोडीच्या एका पाण्यानं पीक हाती आलं. त्याच पिकावर तुझी कॉलेजची फी भरली. तुझे आजोबा रात्रभर कंदील घेऊन पाळीवर बसले होते. विसरलास?

मृग लागला तरी आभाळ कोरडंच आहे, परे टाकायचे खोळंबलेत. रात्री झोप येत नाही. प्लॉटवाल्याला शब्द देऊन बसला असशील, तर आधी त्याला फोन कर, मग मला.

तुझे
मोठे बाबा