डेव्हिडच्या वह्या

चि. भाच्यास,


‘स्टीलहार्ट’ तू दोन रात्रींत संपवलंस, हे ताईकडून कळलं. पाठोपाठ तुझी तक्रारही कळली: एवढं सगळं सोसूनही डेव्हिडला शेवटपर्यंत एकही शक्ती का मिळत नाही? फोनवर दोन वाक्यांत याचं उत्तर देता आलं नसतं, म्हणून पत्र लिहायला बसले.

ब्रँडन सँडरसनची ही कादंबरी २०१३ साली आली. तिचा जन्म रस्त्यावरच्या रागातून झाला, असं त्यानेच सांगितलं आहे. पुस्तकाच्या दौऱ्यावर असताना कुणीतरी त्याच्यापुढे आडवी गाडी घातली आणि ती गाडी आपण उडवून देतो आहोत, असं चित्र क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मग तो स्वतःलाच घाबरला. आपल्या हातात खरोखर तसं बळ असतं तर? कादंबरी या धास्तीवर उभी आहे. आकाशात ‘कॅलॅमिटी’ नावाचा लाल तारा उगवतो, साध्यासुध्या माणसांमध्ये अचाट शक्ती येतात, लोक त्यांना ‘एपिक’ म्हणू लागतात आणि त्यांच्यातला कुणीही लोकांच्या मदतीला धावत नाही. जो तो मुलूख बळकावत सुटतो.

सुपरहिरोंची परंपरा बरोबर याच्या उलट होती. क्लीव्हलँडमधल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन शाळासोबत्यांचा सुपरमॅन १९३८ साली छापून आला तो दुबळ्यांचा कैवारी म्हणून. १९४० मध्ये बॅटमॅनच्या जोडीला रॉबिन आला. त्याच्याकडे शक्ती नव्हती, पण तो साथीदार होता, कथेचा धनी नव्हता. १९६२ च्या स्पायडरमॅनमध्ये शाळकरी पोरगा नायक झाला खरा, पण त्याला आधी कोळी चावावा लागला. डेव्हिड चार्ल्स्टनला काहीच चावत नाही.

त्याच्याकडे एक आठवण मात्र आहे. शिकागोतली बँक, आठ वर्षांचा डेव्हिड, कर्जाच्या कामासाठी आलेले वडील. डेथपॉइंट नावाचा एपिक आत शिरतो, ज्याच्याकडे बोट दाखवतो त्याची राख होते. मग स्टीलहार्ट हा दुसरा एपिक येतो. शक्तिवान माणसांमध्ये कधीतरी खरे रक्षणकर्ते येतील, अशी वडिलांची श्रद्धा आहे. ते रखवालदाराचं पिस्तूल उचलतात आणि डेथपॉइंटवर गोळी झाडतात. स्टीलहार्टला वाचवण्यासाठी! गोळी नेमकी स्टीलहार्टच्या गालाला चाटून जाते. ज्याला काही टोचत नाही, काही जाळत नाही, त्या माणसाच्या गालावर रक्त येतं. तो वडिलांना ठार करतो आणि त्याच्या संतापात शहराचं पोलाद होतं. घरं, रस्ते, मिशिगन सरोवराचा काही भागसुद्धा. वाचलेल्या साक्षीदारांचा तो नायनाट करतो. एक पोरगा तेवढा निसटतो.

हा प्रसंग तू घाईत वाचला असशील. पुन्हा वाच, कारण पुढचं सगळं याच एका गोळीत दडलेलं आहे.

पुढची दहा वर्षं डेव्हिड काय करतो? न्यूकागोच्या, म्हणजे पोलादी झालेल्या शिकागोच्या, पोटातल्या अंधाऱ्या गल्ल्यांमध्ये राहतो, बंदुकांच्या कारखान्यात राबतो आणि वह्या भरतो. कोणता एपिक काय करू शकतो, कुणाला कशाची बाधा होते, कोण कुणाच्या वाटेला जात नाही, याच्या बारीकसारीक नोंदी. सँडरसनने लेखनावरच्या आपल्या निबंधात म्हटलं आहे की, शक्तींपेक्षा त्यांच्या मर्यादा कथेला जास्त कामाच्या असतात. इथे प्रत्येक एपिकचं वर्म वेगळं आहे. धुरासारखा विरळ होणारा नाइटविल्डर अतिनील किरणांपुढे घट्ट होतो आणि मग त्याला गोळी लागते. एपिकांच्या मागावर असलेली ‘रेकनर्स’ ही छुपी टोळी डेव्हिडला जवळ करते, त्यामागे या वह्यांचा वाटा मोठा आहे. माझ्या मते त्या वह्याच कादंबरीच्या खऱ्या नायिका आहेत. दहा वर्षांचा चिवट अभ्यास हेच तर त्या मुलाचं बळ!

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. स्टीलहार्टला कोण जखमी करू शकतं? ज्याला त्याची भीती वाटत नाही, फक्त तोच. म्हणून वडिलांची चुकलेली गोळी लागली, त्यांनी त्याच्यात रक्षणकर्ता पाहिला होता. रेकनर्सना आधी वाटतं की गुपित त्या पिस्तुलात असेल, नाहीतर बँकेच्या तिजोरीत. डेव्हिड तर स्टीलहार्टच्या भीतीतच वाढलेला, त्यामुळे त्याची गोळी फुकट. अखेर तो असा डाव टाकतो की जीवघेणा स्फोट स्टीलहार्टच्याच बोटाने होतो. त्या शहरात स्टीलहार्टला न भिणारा माणूस म्हणजे स्वतः स्टीलहार्ट! डेव्हिडला शक्ती मिळाली असती तर हा शेवट घडलाच नसता. शिवाय टोळीतल्या प्रोफेसरची गत तू पाहिलीसच. तो स्वतः एपिक आहे, पण आपली शक्ती दुसऱ्यांना वाटत राहतो, कारण ती स्वतः वापरू लागला की मन करपायला लागतं. शक्ती हे तिथे बक्षीस नाही. मग लेखकाने आपल्या लाडक्या पोराला ती का द्यावी?

पुस्तकातलं एक मात्र मला खटकलं. मेगन. पहिल्या अर्ध्या भागात डेव्हिड तिच्या रूपावरच एवढा भाळलेला आहे की, तिच्या मनात काय चाललंय हे कळायला फार उशीर होतो. टोळीत सगळ्यात गुंतागुंतीचं आयुष्य तिचं. तिला आणखी जागा हवी होती. डेव्हिडच्या फसलेल्या उपमा मात्र मला फार आवडल्या. शब्द शोधताना अडखळणारा मुलगा खराखुरा वाटतो.

दुसरा भाग ‘फायरफाइट’ २०१५ चा. त्याआधी ‘मायटोसिस’ ही छोटी कथा आहे, ती मध्ये वाच, म्हणजे धागा सुटणार नाही. सोबतच्या पार्सलात भा. रा. भागवतांचे ‘फास्टर फेणे’चे दोन भाग घातले आहेत. फुरसुंगीचा बनेश, अंगाने काटकुळा, जवळ सायकल आणि ‘ट्टॉक’ यांपलीकडे काही नाही. डेव्हिड वाचताना तो मला सारखा आठवत होता. पुस्तकं तुझ्या आईच्या लहानपणची आहेत आणि एकाची शिवण उसवली आहे, तेव्हा जपून उघड. कोणती गोष्ट आधी वाचलीस ते कळव.

तुझी,
मावशी