पॉइंट, टायमिंग आणि किंगपिन : जुन्या एमजीबीची घरगुती दुरुस्ती

एमजीबी ही दोन आसनी, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ साली बाजारात आली आणि १९८०पर्यंत इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत राहिली. बंद टपाच्या जीटी गाड्या धरून एकूण पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. त्यातल्या पुष्कळ आजही रस्त्यावर आहेत, आणि याचे मोठे कारण गाडीच्या रचनेत आहे. बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या बाजूने जमीन दिसते, हात सगळीकडे पोचतो, आणि साध्या इंची पान्यांच्या संचावर बहुतेक कामे होतात. मेट्रिक पाने मात्र इथे चालत नाहीत. जवळपास बसणारा मिलिमीटरचा पाना लावला की नटाचे कोपरे झिजलेच म्हणून समजावे.

हिचे इंजिन १७९८ सीसीचे, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ‘बी सिरीज’ घराण्यातले. भारतीय वाचकाला हे घराणे अनोळखी नाही. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघालेल्या पेट्रोल ॲम्बॅसडरचे १४८९ सीसीचे इंजिन त्याच घराण्यातले. त्यामुळे ज्या मेकॅनिकने उमेदीच्या काळात ॲम्बॅसडरचे पॉइंट लावले आहेत, त्याला एमजीबीचे बॉनेट परके वाटत नाही. फायरिंग ऑर्डर तीच, १-३-४-२. पहिला सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा.

काम नेहमी इग्निशनपासून सुरू करावे. इंजिन मिस मारते, चढावर ओढत नाही, कार्ब्युरेटरमधून ठो-ठो आवाज येतो, अशा तक्रारी आल्या की मालकाचा हात आधी एसयू कार्ब्युरेटरच्या जोडीकडे जातो. दोष बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरमध्ये निघतो. कार्ब्युरेटर फिरवून बसल्यावर मग इग्निशन तपासले, तर दोन्ही बिघडलेली असतात आणि कुठून सुरुवात करावी तेच कळेनासे होते.

या गाडीतली इग्निशनची पद्धत चार्ल्स केटरिंगने १९१०च्या कॅडिलॅकसाठी उभी केलेल्या पद्धतीचीच आहे. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा करंट इग्निशन कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यातून वाहतो. कॉइलचा रोध साधारण ३ ओहम, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे ४ अँपिअर. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरचा चौकोनी कॅम पॉइंट उघडतो, करंट तुटतो, कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या वेढ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. तो रोटरमार्गे नेमक्या प्लगला मिळतो. इंजिन ३००० फेऱ्यांवर असताना हे दर सेकंदाला शंभर वेळा घडते. पॉइंटच्या शेजारी बसवलेला कंडेन्सर, साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा, करंट तुटण्याच्या क्षणी स्वतःत विद्युतभार घेतो. त्यामुळे पॉइंटवर ठिणगी उडत नाही आणि क्षेत्र झटकन कोसळते. कंडेन्सर गेला की पॉइंट काळे पडून जळतात आणि प्लगची ठिणगी पिवळट, अशक्त होते. अशा वेळी नुसते पॉइंट बदलून काही साधत नाही. नवेही आठवड्याभरात जळतात.

१९७४पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर असतो. इंजिनाच्या उजव्या अंगाला तो तिरपा बसलेला आहे. कॅप काढून रोटर उपसला की पॉइंटची जोडी समोर येते. प्लग काढून, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून थोडी ढकलली, की इंजिन हळूहळू फिरते. पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या टोकावर आली की फट सर्वांत मोठी होते. तिथे फिलर गेजचे पाते घालून ती १५ थाउ, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांशावर (सुमारे ०.३८ मिमी) आणावी. पाते सरकताना किंचित अडल्यासारखे वाटले पाहिजे. जुन्या पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा आलेला असतो. अशा पॉइंटमध्ये पाते उंचवट्यावर टेकते आणि फट प्रत्यक्षात जास्त राहते. पॉलिश पेपरने घासून ते रस्त्यावरून घरापर्यंत येण्यापुरते चालतात; घरी आल्यावर नवेच घालावेत.

नवे पॉइंट बसवताना होणारी चूक एकच, पण ती गाडी पूर्ण बंद पाडते. पॉइंटची स्प्रिंग ज्या खुंटीवर टेकते, तिच्यावर टोपीसारखा प्लास्टिकचा एक बारीक तुकडा असतो. कंडेन्सरची आणि कॉइलकडून येणारी अशा दोन्ही तारांची टोके या टोपीवर, स्प्रिंगला चिकटून बसली पाहिजेत आणि वरून नट आला पाहिजे. टोक टोपीच्या खाली गेले किंवा नटाची कड खुंटीला धातूने धातूला लागली, की पॉइंट कायम मिटल्यासारखे वागतात आणि ठिणगी मिळत नाही. बदलायच्या आधी जुन्या मांडणीचा फोटो काढून ठेवावा.

याच जागी दुसरा, अधिक छुपा दोष राहतो. पॉइंटची पट्टी ज्या थाळीवर बसते ती थाळी व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या (इंजिनाच्या शोषणाने ठिणगी पुढे आणणाऱ्या पडद्याच्या) ओढीने सारखी मागेपुढे हलते. तिला अर्थ मिळावा म्हणून कापडी वेष्टनातली एक छोटी, लवचीक तार डिस्ट्रिब्युटरच्या भांड्याला जोडलेली असते. बोटभर लांबीचीही नसेल. हलून हलून ती वेष्टनाच्या आत तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. गाडी जागेवर छान चालते, रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला की मिस मारते. थाळी हलली की तुटलेले तंतू एकमेकांपासून दूर जातात, म्हणून हा दोष उभ्या गाडीत सापडत नाही. मल्टिमीटर जोडून थाळी बोटाने फिरवत पाहिले तर काटा उडतो. ही तार बदलताना साधी वायर घालू नये, ती काही महिन्यांत तुटते; मऊ, बारीक तंतूंचीच तार हवी.

रोटरच्या बाबतीत जुन्या गाड्यांच्या मालकांचा अनुभव एकमुखी आहे. पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेले काही स्वस्त रोटर आतून फुटतात. रिव्हेटखालचे प्लास्टिक पातळ असते आणि उच्च दाबाचा करंट तिथून थेट दांड्यात उतरतो. गाडी अचानक मरते, आणि रोटर पाहिला तर नवाकोरा. रिव्हेट नसलेला, एकसंध साच्यातला रोटर घ्यावा आणि जुना, चालू स्थितीतला एक रोटर गाडीत ठेवावा.

फट बसल्यावर टायमिंग. हा क्रम उलटा चालत नाही, कारण फट बदलली की पॉइंट उघडण्याचा क्षणही बदलतो. फट कमी झाली तर पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. वाढली तर पुढे येते. टाच झिजत जाते तशी फट आपोआप कमी होते. चांगले लावलेले टायमिंग काही हजार मैलांनंतर मागे सरकते ते याच कारणाने.

सुरुवातीच्या उच्च कॉम्प्रेशनच्या इंजिनांसाठी कारखान्याने ठरवलेले स्थिर टायमिंग पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी १० अंश. नंतरच्या इंजिनांचे आकडे वेगळे आहेत, म्हणून इंजिन नंबर पाहून मॅन्युअलमधला आकडाच घ्यावा. क्रँक पुलीवरची खाच टायमिंग कव्हरच्या १० अंशाच्या काट्यासमोर आणावी. रोटरचे तोंड त्या वेळी पहिल्या प्लगच्या वायरकडे हवे. मग १२ व्होल्टचा एक छोटा बल्ब घेऊन त्याचे एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरच्या टर्मिनलला आणि दुसरे इंजिनाच्या धातूला लावावे. इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्युटरचे भांडे सावकाश फिरवावे. पॉइंट मिटलेले असतील तोवर बल्ब विझलेला राहतो आणि उघडतात त्या क्षणी पेटतो. तो पेटतो त्या जागेवर क्लॅम्प आवळावा. रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून भांडे घड्याळाच्या दिशेने फिरवले की ठिणगी आधी येते. क्लॅम्प आवळल्यावर राहिलेली बारीक चूक भांड्याच्या बाजूच्या दातेरी नटाने काढता येते. त्याच्याजवळ ‘ए’ आणि ‘आर’ ही अक्षरे कोरलेली असतात, पुढे आणि मागे या अर्थाने.

व्हॅक्यूम ॲडव्हान्सची परीक्षा तोंडाने होते. नळीचे टोक ओठांत धरून हवा ओढली की पॉइंटची थाळी हलली पाहिजे, आणि नळीवर जीभ ठेवली तर तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर पडदा फाटलेला आहे. रोटरखालच्या स्क्रूवर तेलाचे दोन थेंब आणि कॅमवर बोटाच्या टोकावर मावेल एवढे ग्रीस, इतके वंगण पुरते. जास्त झाले तर ते पॉइंटवर उडते.

जुन्या एमजीबीत एक गोष्ट विशेष जपावी लागते. १९६७पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. नंतरच्या मालकांनी त्यातल्या अनेक निगेटिव्ह अर्थच्या करून घेतल्या, पण कॉइलच्या वायरी बदलायचे राहून गेले. जुन्या कॉइलवर ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ अशी अक्षरे असतात. सीबी म्हणजे काँटॅक्ट ब्रेकर, आपल्या गॅरेजांत ‘सीबी पॉइंट’ म्हणतात तेच. अर्थ बदलल्यावर या कॉइलच्या दोन्ही वायरी एकमेकींच्या जागी घालाव्या लागतात. प्लगचा मधला, तापलेला इलेक्ट्रोड ऋण असेल तर ठिणगी कमी दाबात उडते. उलटे जोडले तरी गाडी चालते, पण थंडीत आणि चढावर कुरकुरते.

हॉल सेन्सरचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन मिळते आणि ते चांगले आहे. फक्त ते पॉइंटवर गाडी नीट चालू लागल्यावरच बसवावे. डिस्ट्रिब्युटरचा ढिला दांडा किंवा त्यातली अडकलेली सेंट्रिफ्युगल वजने इलेक्ट्रॉनिक किट दुरुस्त करत नाही. पॉइंटची जुनी जोडी डिकीत असू द्यावी.

सस्पेन्शनचे काम वेगळ्या वृत्तीने करावे लागते. इग्निशनमधल्या चुकीने गाडी थांबते, इथल्या चुकीने माणूस जायबंदी होतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. समोरच्या क्रॉसमेंबरखाली किंवा चॅसिसच्या पोलादी पट्ट्यांखाली, सपाट काँक्रीटवर लोखंडी स्टँड लावूनच काम सुरू करावे.

पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंग, खाली विशबोन आणि वर आर्मस्ट्राँगचा लिव्हर प्रकारचा शॉकॲब्सॉर्बर. या शॉकॲब्सॉर्बरचा हातच वरच्या विशबोनचे काम करतो, आणि या गाडीच्या पुढच्या भागाचे वागणे या एका गोष्टीवर अवलंबून आहे. त्याच्या दांड्याची बेअरिंग झिजली तर गाडी उसळते, शिवाय चाकाचा कलही बदलतो. जोडणी सोडून हात हाताने वर-खाली करावा. सगळ्या टप्प्यात सारखा, चिकट विरोध जाणवला पाहिजे. मध्येच हात मोकळा सुटला तर तेल कमी आहे. वरचे बूच आधी ब्रशने स्वच्छ करावे, मगच उघडून शॉकॲब्सॉर्बरचे तेल भरावे. वाळूचा एक कण आत गेला की झडप बिघडते. दांड्याच्या सीलमधून तेल गळत असेल तर घरी उपाय नाही; दुरुस्त केलेला शॉकॲब्सॉर्बर घ्यावा.

विशबोनच्या आतल्या टोकांचे मूळ रबरी बुश लवकर पिचतात. त्यांच्या जागी १९७३ ते १९७६ या काळात बनलेल्या एमजीबी जीटी व्ही८चे, धातूच्या नळीचे एकसंध बुश बसतात आणि कितीतरी जास्त टिकतात. या गाडीवर करावा असा पहिला बदल हाच. त्यासाठी स्प्रिंग काढावी लागते. स्प्रिंगच्या थाळीखाली जॅक लावून, थाळीचे दोन समोरासमोरचे बोल्ट काढून त्या भोकांत लांब, भक्कम आटेदार सळया घालाव्यात. उरलेले बोल्ट काढून सळयांचे नट आळीपाळीने सोडत स्प्रिंग मोकळी करावी. ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे मधूनमधून पाहावे. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या उंचीला उभी असताना. अधांतरी आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर पिळले जाते आणि थोड्या दिवसांत फाटते.

मागे सरळ ॲक्सल आणि कमानपाटे. पाटा बसला की गाडी एका अंगाला झुकते. बदलताना यू-बोल्टांखालची रबरी गादी आणि दोन्ही टोकांचे बुश नवेच घालावेत. पाट्याच्या पुढच्या टोकाचा बोल्ट गंजून जाम असतो. भेदक तेल लावून एक रात्र ठेवावा. तिथला पत्राच गंजलेला निघाला, तर पाटा नंतर, वेल्डिंग आधी. १९७४च्या शेवटी अमेरिकी नियमांसाठी रबरी बंपर आले आणि गाडी सुमारे दीड इंच उंच झाली. या गाड्या वळणावर जास्त कलतात, आणि त्यांचे पाटे आधीच्या गाड्यांच्या पाट्यांशी अदलाबदल करू नयेत.

राहिला किंगपिन, म्हणजे पुढचे चाक ज्या उभ्या दांड्यावर वळते तो. चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. खडखड आली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर ती चाकाच्या बेअरिंगची. राहिली तर किंगपिनची. बेअरिंगमध्ये २ ते ४ थाउची मोकळीक ठेवायची असते, ती शिम घालून मिळते. नट ढिला सोडून ती मिळवू नये. किंगपिनचे नवे बुश दाबून बसवल्यावर त्यांना रीमर मारावा लागतो, आणि वरचे-खालचे बुश एका रेषेत हवेत. हे काम मशीन शॉपला द्यावे. घरी सँडपेपरने मापात आणलेले बुश स्टिअरिंग जड करतात आणि वर्षभरात पुन्हा खडखडतात.

एवढा खर्च येऊ नये यासाठी कारखान्याने प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल दिले आहेत. पुढची चाके उचलून, भार काढून, दर ३००० मैलांनी ग्रीस गन लावावी. जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत. स्टिअरिंग एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पूर्ण फिरवून पुन्हा गन मारावी. सहा निपलचे हे काम अर्ध्या तासात होते.