विश्वाचं वय आणि बारावीचं गणित

मुलुंड, रविवार

विश्वशास्त्राला गणित किती लागतं, हे कुठवर जायचंय त्यावर ठरतं. मात्र ‘शून्य’ हे उत्तर नाही. दीर्घिकांचा दूर जाण्याचा वेग दर मेगापार्सेकला सेकंदाला साधारण ७० किलोमीटरने वाढतो. मेगापार्सेक म्हणजे तीनावर एकोणीस शून्यं इतके किलोमीटर. त्याला ७० ने भागा, सेकंदांची वर्षं करा. जवळपास १४०० कोटी येतात. विश्वाच्या वयाचा हा ढोबळ अंदाज मुलुंडमधल्या कुठल्याही नववीच्या फळ्यावर मावेल. १९३४ मध्ये मिल्न आणि मॅक्रे या शास्त्रज्ञांनी तर न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणातूनच प्रसरणाचं समीकरण काढून दाखवलं; त्याला बारावीचं कलनशास्त्र पुरतं. खरी मेख पुढे आहे. आरंभीच्या तप्त विश्वात प्रारणाच्या दाबालाही गुरुत्वाकर्षण असतं, आणि न्यूटनकडे त्याचा हिशेबच नाही. तिथे व्यापक सापेक्षता लागते, आणि तिची गणिती भाषा असलेल्या टेन्सरला पर्याय नाही.

यावर कुणी म्हणेल, जयंत नारळीकरांनी समीकरणं न मांडता मराठी वाचकाला विश्व समजावलंच की! समजावलं, पण ते स्वतः केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस या पदवी अभ्यासक्रमातून घडले होते. कोणतं समीकरण गाळलं तरी आशय बिघडत नाही, हे ज्याला ते सोडवता येतं त्यालाच कळतं. ‘आता संगणक करतो सगळं’ हा आक्षेप मला त्याहून कच्चा वाटतो. संगणक आकडा देईल. त्यातली अनिश्चितता किती, आणि दोन मोजण्यांतला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासायला संख्याशास्त्र लागतं. अकरावीत टेन्सरची धास्ती घेणाऱ्यांनी आधी तेच पक्कं करावं.